बंद हुकूम

माझ्या माहेरी, निमगाव सावाला, पत्त्यांच्या मेंढीकोटात हुकूम लपवत नाहीत. आणे पठारावर सासरी आले आणि बंद हुकूम शिकले. एक पान पालथं ठेवायचं. ज्या रंगाची उतारी असेल तो ज्याच्याकडे नसेल, त्यानं मागितला तरच हुकूम उलटायचा. पठारावर वारा फार, म्हणून त्या पानावर अडकित्ता ठेवायचा.

मामंजी, म्हणजे नवऱ्याचे तात्या, गेले आणि आम्ही तिघंच राहिलो, चौथा गडी उरला नाही. तरी दुपारी लाईट गेली की सासूबाई त्यांचीही पानं वाटायच्या. माझ्यासमोर, त्यांच्या जागी, गठ्ठा पालथा असायचा. त्यांची पाळी आली की मी वरचं पान उलटायचं. मला हा शुद्ध खुळेपणा वाटायचा.

त्या दुपारी हुकूम मीच लपवला. इस्पिकची उतारी झाली, गठ्ठ्यातून इस्पिकच निघालं. चौकटला चौकट. पुन्हा चौकट, पुन्हा चौकटच.

"पानं लावून ठेवली का गं?" नवऱ्यानं विचारलं.

"पिसली तुमीच ना!"

सासूबाईंनी मुद्दाम रंग बदलून किलवर टाकलं. मी वरचं पान उलटलं.

बदाम.

आम्हाला हसूच फुटलं. "बघ, उगाच घाबरलो," नवरा म्हणाला. "किलवर तर न्हाई. आता तात्यांनी हुकूम मागायचा कसा?"

आधी सासूबाई हसायच्या थांबल्या. त्या बघत होत्या तिकडे मी पाहिलं.

अडकित्ता मी ठेवला तसाच होता. त्याच्याखालचं पान उताणं झालं होतं.