जोडीचा वस्तरा

कोपऱ्यावर ताटकळून मास्तरांचे पाय दुखायला लागले, तरी टिकटिकचा पत्ता नव्हता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. उशीर करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. काही बरंवाईट तर झालं नाही ना, या धास्तीने मास्तरांनी जुन्या बाजाराचा रस्ता सोडला आणि ते मित्राच्या घरी गेले. एरवी टिकटिक त्यांना कधी घरी येऊ द्यायचा नाही. "कोपऱ्यावरच भेटू, सोयीचं पडतं," म्हणायचा.

"या भावोजी!" वहिनींनी दार उघडलं. "मागे बसलेत बघा, पाय सोडून. नवे बूट चावलेत. जा, सरळ आत जा."

टिकटिक मागच्या दारी स्टुलावर बसला होता. एक पाय कोमट पाण्याच्या टबात, दुसरा मांडीवर, आणि जीभ बाहेर काढून करंगळीजवळचं कुरूप हळूहळू तासणं चाललेलं.

"काय रे, आज स्वयंवराला निघालास की काय?" मास्तर हसत म्हणाले, आणि त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

टिकटिकच्या हातात पिवळट हाडाच्या मुठीचा, आखूड पात्याचा, न मिटणारा वस्तरा होता. मुठीवर इवलंसं पाऊल कोरलेलं होतं.

लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मास्तरांनी जन्मभर कपडे शिवले आणि पायांची कुरूपं तासायचे जुने वस्तरे जमवले. सगळ्यांनी टिंगल केली. केली नाही ती एकट्या टिकटिकने. मास्तरांचा सगळ्यांत लाडका, मुठीवर असंच पाऊल कोरलेला वस्तरा एका लाकडी पेटीत होता. पेटीत मखमलीच्या खाचा दोन. एकीत तो, दुसरी रिकामी. तिच्यातल्या वस्तऱ्यासाठी दोघं दर रविवारी बाजार पालथा घालायचे. पेटी मास्तरांच्या पिशवीत कायम असायची. न जाणो, आजच सापडला तर!

आत्ताही होती.

"हा ना..." टिकटिकने घसा साफ केला. "परवाच मिळाला बघ. तुला चकित करणार होतो."

मास्तरांनी हात पुढे केला. वस्तरा रुमालाने पुसला, पेटी उघडली आणि रिकाम्या खाचेत तो ठेवला. मूठ अलगद बसली. पात्याच्या कडेला मात्र मखमलीची पट्टी उघडी राहिली. मापं घेण्यात हयात गेलेल्या माणसाला टेप लागत नाही. पातं चांगलं नखभर झिजलं होतं. शेजारचा जोडीदार आपल्या खाचेत गच्च, कड न कड भरून बसलेला.

"झिजलेलाच मिळाला रे," टिकटिक घाईघाईने म्हणाला.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. पेटीत डोकावून त्यांनी कौतुकाने मान हलवली.

"हा होय! थोरली शाळेत होती तेव्हा आणलाय यांनी. कसा कोरा करकरीत होता! घासून घासून पार वाट लावली त्याची. आणि घरात कुणाला हात लावू देतील तर शपथ." मग त्यांचं दोघांच्या चेहऱ्यांकडे लक्ष गेलं. "का हो? तुम्हाला दाखवला नव्हता?"

कप खाली ठेवून त्या आत गेल्या. त्यांची थोरली आता स्वतः लेकरांना शाळेत सोडायला जात होती.

मास्तरांना आतून सोलून काढल्यासारखं वाटलं. वस्तरा लपवला हे एक वेळ पोटात घातलं असतं. पण त्यांच्यासोबत गोणपाटावर उकिडवा बसून, गंजक्या कात्र्या उपसून, "पुढच्या रविवारी नक्की" असं म्हणत त्यांच्या पाठीवर हात ठेवणारा हाच!

"बाजारात काय शोधत होतास रे माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

टिकटिक टबातल्या पाण्याकडे बघत राहिला. पाणी केव्हाच निवलं होतं.

"दिला असता तर तुझी जोडी जमली असती," तो म्हणाला. "मग रविवारी तू कशाला मला हाक मारली असतीस?"

"मारली असती," मास्तर म्हणाले.

त्यांनी पेटी मिटली, पिशवीत घातली आणि ते वळले. "अरे, चहा तरी..." मागून टिकटिक म्हणाला. तो एका ओल्या पायावर धडपडत उठल्याचा आवाज आला. मास्तर थांबले नाहीत.

रस्त्यावर आल्यावर पिशवीतून कसलीशी खटखट ऐकू येऊ लागली. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, छातीशी धरली, तरी ती थांबेना. झिजलेला वस्तरा त्याच्या सैल खाचेत हलत होता.

इतकी वर्षं अर्धी रिकामी असूनही ती पेटी कधी वाजली नव्हती.