बर्फाच्या बाटल्या

सुट्टीवर आलेल्या मुलाने सरबतासाठी फ्रीझर उघडला, तर आत नुसत्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या दोन काढून आई मागच्या खोलीत गेली. तिथे टेबलफॅनसमोर थंड डोंगरांतलं ऑर्किड होतं. कुंडीजवळच्या वितळलेल्या बाटल्या उचलून तिने नव्या ठेवल्या, तापातल्या पोराच्या कपाळावरची पट्टी बदलावी तशा.

"आई, इथल्या उकाड्यात हे जगायचं नाही."

"नर्सरीवालाही हेच म्हणाला होता. त्यानंतर दोनदा फुललंय."

"आणि तू घामाने निथळतेस त्याचं काय? आता माझ्याकडेच चल, कायमची. तिकडे बारा महिने गारवा. हेच ऑर्किड रस्त्याकडेच्या झाडांवर आपोआप येतं, कुणी ढुंकूनही बघत नाही."

आईने कुंडी जरा वळवली, नव्या कळीला वारा लागेल अशी.

"म्हणजे तिकडे ते माझ्यावाचून वाढतं."

"तेच तर सांगतोय मघापासून."

"तुझ्यासारखंच," आई म्हणाली. "सरक आता, पंख्याचा वारा अडवतोयस."