चिलमीचा फेरा

दुपारी चार वाजता खिमेराम तीन महिन्यांनी देवळाच्या ओट्यावर आला. चरस सोडल्यावर त्याच्या कानातले आवाज थांबले होते. पण ओट्यावर बसलेल्याला वगळून चिलीम पुढे देणं हा त्याचा अपमान, आणि हातात आली की आपण ओढणार, या भीतीनं तो घरीच बसायचा.

पत्त्यांच्या डावातल्या लोतरामनं चिलीम पेटवून त्याला दिली. "नुसती कपाळाला लाव आणि पुढे दे. रीतही राहील, डोकंही राहील."

खिमेरामनं तसंच केलं. मग झाबेरामनंही कपाळाला लावून पुढे दिली. तेजूनंही.

"तुम्हाला रे काय झालं?" खिमेरामनं विचारलं.

"तीन महिने चौथा भिडू नव्हता," झाबेराम म्हणाला. "गप पत्ते वाट."

लोतरामकडे परत आली तोवर चिलीम विझली होती. साडेपाच वाजले, काडी अजून कुणी मागितलेली नाही.