शरयूचं मागणं

१९७९ साल होतं. धाकट्या जावेची शरयू सहा वर्षांची झाली, तरी बोलत नव्हती. स्वमग्न हा शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. काही हवं असलं की ती किंचाळायची.

जावेनं तिला सवय लावली. पाणी हवं तर पेला आणून द्यायचा, बाहेर जायचं तर चपला. पेला हातात येईपर्यंत ती पाणी देत नसे.

"तहानलेल्या लेकराला ताटकळत ठेवतेस! आई आहेस की मास्तरीण?" सासूबाई कडाडायच्या.

"मी गेल्यावर तिचं मागणं तुम्हाला कळायला नको का?" जाऊ म्हणायची. तिचं दुखणं बळावलं होतं.

श्रावणात ती गेली. तेरावं झालं आणि शरयूनं आईचा चष्मा आणून सासूबाईंच्या हातात ठेवला. समोर उभी राहून वाट बघू लागली. सासूबाईंना तिचं मागणं पहिल्यांदाच कुणी न सांगता समजलं. "कुठून आणू गं बाळा?" त्या म्हणाल्या.

वर्षभरात सासूबाई गेल्या, पुढे शरयूचे वडीलही. पन्नाशी उलटलेली शरयू माझ्याजवळ असते. चहा हवा असला की कप आणून देते. आई मात्र तिनं पुन्हा कधी मागितली नाही.