साहेबांची तब्येत

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबांच्या कानामागची गोचीड चिमट्यात धरून काढली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. साहेब म्हणजे कुत्रा. मिजास फार, म्हणून घरात त्यांना सगळे अहो-जाहो करत. आज मात्र सगळी मिजास उतरली होती. साहेब टेबलावर निपचित पडले होते आणि त्यांचे मालक, घड्याळजी, पाठीवरून हात फिरवत होते.

रिपोर्ट आला होता. गोचिडीच्या चाव्यातून रक्तात ताप शिरला होता. लघवीतून प्रथिनं जायला लागली होती, म्हणजे किडनीला धक्का पोचला होता. पण औषधांनी आवरेल, डॉक्टर म्हणाले. अजून थोडे थांबला असतात तर कुत्रा हातचा गेला असता. घड्याळजींनी तोंड फिरवून डोळे पुसले. साहेबांनी सकाळी दुधाला तोंड लावलं नाही एवढ्यावरून ते दुकान बंद करून धावत आले होते.

आणखी काही त्रास, डॉक्टरांनी विचारलं. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली घड्याळजींची बायको बोलायला लागली. वजन उतरलंय. अन्नावर वासना नाही. सारखं पाणी पाणी करतात. पायांवर सूज येते. डॉक्टर लिहीत गेले.

"आणि लघवीला फेस येतो. फ्लश केलं तरी जात नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. साहेब कमोड वापरतात का, त्यांनी विचारलं.

"साहेबांचं ह्यांनी सांगितलंच की. मी ह्यांचं सांगतेय."

मला काय धाड भरलीय, म्हणत घड्याळजी उसळले. बायको जागची हलली नाही. माणसांच्या डॉक्टरची पायरी हे चढत नाहीत, ती म्हणाली. समजावून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. आज दवाखान्यात आपल्या पायांनी आलेत, तर मी आणखी कुठे सांगू?

डॉक्टरांनी खाली वाकून घड्याळजींच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. खळगा पडला. तो लवकर भरून येईना. घड्याळजी बघत राहिले, मग स्टुलावर बसले.

डॉक्टरांनी किडनीचे डॉक्टर असलेल्या मित्राला फोन लावला.

"एक पेशंट पाठवतोय, आत्ताच बघ. उशीर झालाय बराच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही रे, कुत्रा नाही. कुत्र्याला लोक वेळेत आणतात."