अळणी ताट

इंदू बंगलोरची इंटर्नशिप संपवून जबलपूरच्या कॉलेजात परतली, पण मन काही परतलं नव्हतं. "मॅडम, आपल्या कॅन्टीनची चाय चालेल न आता?" मैत्रिणी चिडवायच्या आणि ती नुसती हसायची. परीक्षा झाली की नोकरीवर ये, असं त्या कंपनीनं कळवलं होतं. घरी मात्र तिनं त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

कारण ती गेली त्याच दिवशी आईनं तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदेत उभं राहून मीठ सोडलं होतं. मागणं पूर्ण होईपर्यंत अळणी जेवायचं. काय मागितलं ते कुणाला सांगायचं नसतं, पण लेक सुखरूप घरी यावी, याहून वेगळं आई काय मागणार?

"आई, आले न मी आता. मीठ घे," जेवताना इंदू म्हणाली.

"नाही बेटा. व्हायचं आहे अजून."

म्हणजे लेक घरी टिकेल याचा आईला भरवसाच नाही. इंदूनं मन घट्ट केलं.

"कंपनीवाले नोकरीवर बोलवून राहिले, आई. पण मी नाही म्हणून देते."

आईचा हात वरणभातातच थांबला.

"नाही काहून? हेच तर मागितलं होतं नर्मदामाईला."

तिनं मिठाची बरणी पुढं ओढली, हात जोडले आणि वरणात चिमूटभर मीठ घातलं. पहिल्याच घासाला तिचे डोळे भरून आले.

"सवय मोडली बाई," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "जास्तच पडलं वाटते."