मोरपीस कुणी हलवलं?

"सांगून कुणाला पटणार नाही, पण आज दुपारी ते भूत कादंबरीतून बाहेर आलं होतं!" नातीच्या पाठीवरचं दप्तर उतरायच्या आत भाऊआजोबांनी सुरुवात केली.

रेवतीनं आधी पुस्तक उघडलं. दीपगृहातलं भूत नक्की कोण, या रहस्याची ती कादंबरी दोघं मिळून रोज एकच प्रकरण वाचत. जो चोरून पुढे वाचेल त्याच्याशी भागीदारी बंद, अशी तिची सक्त ताकीद होती. आणि खुणेचं मोरपीस आज पार शेवटच्या पानात होतं.

"हे तुम्ही हलवलंत?"

आजोबांच्या मनात आलं, भागीदारी मोडली, तर रोज संध्याकाळी कुणाबरोबर घाबरायचं?

"मी? छे गं! मी तर घोरत होतो. अचानक पानं फडफडली, खारा वारा सुटला..." आजोबांना रंग चढला, हात हवेत फिरू लागले. "आणि कंदील घेऊन लंगडत लंगडत कोण आलं म्हणतेस? आपल्या कादंबरीतल्या बेटावरच्या त्या पोस्टमास्तरीणबाई! त्यांनीच मोरपीस उचलून मागे खोचलं!"

रेवतीचे डोळे विस्फारले. "म्हणजे पोस्टमास्तरीणबाईच भूत? अहो आजोबा, आपण वाचलंय तिथवर तर त्या चांगल्या जिवंत आहेत!"